शेवटचे चार आकडे

दिनांक : ९ जुलै २०२५

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
प्रौढ संगणक प्रशिक्षण केंद्र (सायंकाळचे वर्ग),
नागपूर.

विषय : संगणक प्रोग्रामिंगच्या सायंकाळच्या वर्गास प्रवेश मिळण्याबाबत, तसेच "व्यवसाय बदलण्याचे वैयक्तिक कारण" या रकान्यात न मावलेले कारण सविस्तर सादर करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २ जूनचा ऑनलाइन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. २० जूनचे पत्र. शेरा : "वय जास्त. कारण अस्पष्ट."

महोदय अथवा महोदया (पत्राखालची सही फार घाईची असल्याने यातले नेमके कोणते ते कळू शकले नाही, राग नसावा),

१. सदर अर्ज करणारी बाई म्हणजे श्रीमती जयवंता देवराव गजभिये, वय ४७ पूर्ण, राहणार इंदोरा, नागपूर. शिक्षण बारावी पास, त्यापुढचे सगळे आपले आपण. आपल्या ऑनलाइन अर्जात कारण लिहायला दीडशे अक्षरांची जागा होती. अर्जदाराने तिथे लिहिले, "चूक कुठे झाली ते मला बघायचे आहे." जागा उरली होती, पण कारण संपले होते. आपण त्यावर "अस्पष्ट" असा शेरा दिला, तो योग्यच आहे. ते वाक्य नंतर पुन्हा वाचले तेव्हा एखाद्या चष्मा हरवलेल्या बाईने लिहिल्यासारखे अर्जदारालाही वाटले. म्हणून हा खुलासा. यात ती स्वतःस "मी" म्हणत नाही, "अर्जदार" म्हणते. एक तर अर्जाची रीत आहे. आणि दुसरे असे, की परक्या बाईविषयी लिहावे तसे आपल्याविषयी लिहिले म्हणजे खोटे जरा कमी लिहिले जाते.

२. अर्जदार बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, तांदळाच्या कोंड्यापासून तेल काढणाऱ्या एका कारखान्याच्या धर्मकाट्यावर एकोणीस वर्षांपासून ऑपरेटर आहे. धर्मकाटा म्हणजे अख्खा ट्रक उभा राहील एवढा, जमिनीत बसवलेला वजनकाटा. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते. आत जाऊन माल उतरवते, रिकामी परत येते, पुन्हा वजन होते. पहिल्यातून दुसरे वजा केले की मालाचे वजन निघते. ही वजाबाकी संगणक करतो. अर्जदाराने गाडीचा नंबर टाकायचा, गाडी भरलेली असेल तर माल पाठवणाऱ्या गिरणीचे नावही, चालकाला खिडकीतून गेटपास द्यायचा आणि छापून आलेली वजनाची पावती आत कार्यालयाकडे पाठवायची. खिडकी एक वीत उंच आहे. तिच्यातून हात दिसतात, तोंडे दिसत नाहीत. दिवसभरात बोलावी लागणारी वाक्ये तीन : "गाडी पुढे घ्या", "जरा मागे" आणि "खाली उतरा".

सकाळी पहिली गाडी येण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते पाहावे लागते. ते पाहून झाले की अर्जदार स्वतः काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहते. असे करण्याचा नियम नाही, मनाईही नाही. बाहेर तांबड्या आकड्यांची पाटी आहे, तिच्यावर वजन उमटते. काटा दहा-दहा किलोने मोजतो. त्याहून बारीक फरक त्याला समजत नाही. पती देवराव होते तेव्हा पाटीवर ६० येत असे. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. आता ५० येते. मधले किलो एकेक करून कधी गेले, ते काट्याने सांगितले नाही. आणखीही कोणी सांगितले नाही.

३. या कारणात एक माणूस आहे, त्याला वगळून खुलासा होणार नाही. श्री. बाबनराव भुते, ट्रकचालक, तालुका कुही. तिथल्या एका भातगिरणीचा कोंडा घेऊन ते आठवड्यातून दोनदा येत. वजनाच्या वेळी चालकाने खाली उतरायचे असते. बाकीचे उतरतात आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत लांब उभे राहतात. बाबनराव खिडकीशी येत, कमरेत वाकत आणि विचारत, "चहा झाला का वं जयवंताबाई?" हा प्रश्न अकरा वर्षे बदलला नाही. अर्जदारही उत्तर बदलत नसे. झाला, असे ती सांगे. पुष्कळदा झालेला नसे.

देवराव गेल्यानंतर ती कामावर परत आली त्या आठवड्यात त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "डोळे काहून लाल दिसून राह्यले वं?" अर्जदाराने सांगितले की कोंडा गेला. त्यांनी मान हलवली. पुढच्या खेपेस त्यांच्या गाडीवरची ताडपत्री एका जास्तीच्या दोरीने आवळलेली होती, कोंडा उडू नये म्हणून. ती दोरी शेवटपर्यंत होती.

एकदा ते उतरायला विसरले आणि मग लगबगीने उतरले, तेव्हा पाटीवरचा आकडा ऐंशीने खाली आला. म्हणजे त्यांचे वजन ऐंशी किलो. एखाद्या माणसाविषयी एवढे ठाऊक असणे याला ओळख म्हणावे किंवा कसे, हे अर्जदारास ठरवता आलेले नाही. आपण यातून वेगळा अर्थ काढू नये. काढलाच तर अर्जदाराची तक्रार नाही.

४. आता मूळ मुद्दा. आमच्याकडे गाडीला पूर्ण नंबराने कोणी ओळखत नाही. शेवटचे चार आकडे, बस. फाटकावरचा पहारेकरी ओरडतो, "चव्वेचाळीस सतरा आली!" चालकालाही तेच नाव पडते. संगणकाच्या रकान्यात पूर्ण नंबर मावतो, पण चार आकडे टाकले तरी तो हरकत घेत नाही. म्हणून एकोणीस वर्षे अर्जदार चारच टाकत आली. तिच्या आधीचा माणूसही चारच टाकी.

गेल्या वर्षी २२ ऑगस्टला, गुरुवारी, बाबनरावांची ४४१७ भरून आली : २७,३६० किलो. ती आत असतानाच गोंदियाची एक मोठी गाडी आली : ३४,२०० किलो. तिचेही शेवटचे आकडे ४४१७. आधी बाबनराव रिकामे होऊन काट्यावर आले, १०,२४०. अर्जदाराने ४४१७ टाकले. संगणकाने त्या नंबरची सर्वांत अलीकडची अर्धी राहिलेली पावती उचलली, म्हणजे गोंदियावाल्याची, आणि तिच्यातून बाबनरावांची रिकामी गाडी वजा केली. मग गोंदियाची गाडी आली, १२,०८०. ती उरलेल्या पावतीतून, म्हणजे बाबनरावांच्या मालातून वजा झाली. गोंदियाचा माल १,८४० किलोने वाढला, कुहीचा तेवढाच घटला. वाढल्याची तक्रार कोणी करत नसते.

आठ दिवसांनी गिरणीमालकाने बाबनरावांना विचारले की वाटेत माल कुठे विकला. त्यांनी काय उत्तर दिले ते अर्जदारास माहीत नाही. अकरा वर्षांची गाडी त्यांच्याकडून काढून घेतली एवढे कळले, तेही दुसऱ्या चालकाच्या बोलण्यातून. तो खिडकीबाहेर कोणाला तरी सांगत होता, "चव्वेचाळीस सतरा चोर निघाला ना बे." अर्जदाराने त्याला गेटपास दिला. मग आपल्या तीन वाक्यांतले पहिले म्हणाली, "गाडी पुढे घ्या."

५. अर्जदाराने जुन्या पावत्यांच्या प्रती काढून पाहिल्या. बाबनरावांची रिकामी गाडी दर खेपेला सव्वादहा टनांच्या आसपास, आणि त्या एका गुरुवारी बारा टन. गाडी एका दिवसात पावणेदोन टनांनी जाड होत नाही. तिने पर्यवेक्षकांना दाखवले. त्यांनी काट्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा फोन नंबर दिला. तिकडचे अभियंता अतिशय सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, सिस्टीम चुकत नसते, ऑपरेटर चुकतो." कुठे चुकतो, असे विचारले. "ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही समजणार."

मग गिरणीमालकांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "इंजिनिअरचं लिहून आना. काट्यावरच्या बाईच्या कागदाचं मी काय करू?"

शेवटी बाबनरावांना फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांच्या पत्नी रुख्माबाई यांनी उचलला. त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "ते घरीच राह्यते आता. गाडीचं नाव काढलं का उठून जाते. तुम्ही कोन म्हनल्या?" अर्जदाराने नाव सांगितले नाही. राँग नंबर म्हणून फोन ठेवला. दि. २ जूनच्या अर्जातील एका ओळीचे कारण इथपर्यंतचे आहे. इंजिनिअरच्या कागदाला वजन आहे आणि बाईच्या कागदाला नाही, तर बाईने इंजिनिअरकीतले थोडेफार शिकावे, एवढाच सरळ विचार.

६. मुलगी प्रीती पुण्याला नोकरीस गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला होता. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत इंटरनेट आहे. तिथे सगळी मुले स्पर्धापरीक्षेची पुस्तके डोक्याला लावून बसलेली असतात. अर्जदार कोपऱ्यातल्या टेबलावर पायथन शिकू लागली. पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आहे हे आपणास माहीत असणारच. अभ्यासिकेच्या झाडूवाल्या बाईंना मात्र दोनदा सांगावे लागले, की यात साप नाही.

दिवसा काट्यावर बसून ती वहीत प्रोग्राम लिही. वहीतला प्रोग्राम कधी चुकत नाही, कारण तो कधी चालतच नाही. संध्याकाळी तोच लॅपटॉपवर उतरवला की कळे. पहिला मोठा प्रोग्राम चालवला तेव्हा पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली, की चौदाव्या ओळीत चूक आहे.

अर्जदार ती ओळ बराच वेळ पाहत राहिली. तिला आजवर चूक पुष्कळांनी दाखवली आहे. सासूबाईंनी, शाळेतल्या मास्तरांनी, पर्यवेक्षकांनी आणि त्या सभ्य अभियंत्यांनी. पण कोणत्या ओळीत, हे कोणी सांगितले नव्हते. सगळ्यांनी अख्खी बाईच चुकीची धरली होती. इथे एक निर्जीव वस्तू सांगत होती, की बाई, तुझ्या बाकीच्या ओळींवर माझे अजून काही म्हणणे नाही, चौदावी तेवढी बघ. अर्जदाराने चौदावी पाहिली. एक कंस मिटायचा राहिला होता. मिटला. त्या दिवशी ती घरी जाऊन नीट, बसून जेवली.

७. घरचे व शेजारचे म्हणणे नोंदवणे आवश्यक आहे, कारण आपल्या अर्जात "कुटुंबाची संमती" असा रकाना आहे. प्रीती फोनवर म्हणाली, "मम्मी, या वयात तुले काहून पायजे हे? गुडघ्याचा व्यायाम कर ना." ही संमती धरावी. तिचा फोन रविवारी येतो. शेजारच्या सिंधूताईंनी गच्चीवर पापड वाळत घालताना विचारले, "जयवंता, तू म्हने कॉम्प्युटरसोबत बोलून राह्यली? तो बोलते का वं काही?" अर्जदार म्हणाली की बोलतो, चुका सांगतो. सिंधूताई म्हणाल्या, "मंग तर नवराच झाला." पुष्कळ दिवसांनी दोघी गच्चीवर मोठ्याने हसल्या. नंतर सिंधूताई खाली गेल्या आणि अर्जदाराने पापडांजवळ बसून वही उघडली.

८. मार्च महिन्यात अर्जदाराने काट्याच्या सॉफ्टवेअरची एक लहानशी नक्कल स्वतः लिहिली, ब्याण्णव ओळींची. तिच्यात त्या गुरुवारच्या चारही नोंदी त्याच क्रमाने टाकल्या. बाबनरावांच्या मालाचे उत्तर आले : १५,२८०. कारखान्याच्या पावतीवर जे आले होते तेच, किलोला किलो. मग चार आकड्यांऐवजी पूर्ण नंबर टाकून चालवले. उत्तर आले : १७,१२०. बाबनरावांनी कुहीहून आणला होता तेवढा सगळा माल.

ही नक्कल कंपनीला पाठवली. त्यांचे उत्तर आले, की आपली शैक्षणिक पात्रता कळवावी. आपल्या केंद्राचे प्रमाणपत्र अर्जदारास यासाठी हवे आहे.

परंतु खुलासा पूर्ण व्हायचा तर पुढचेही लिहिले पाहिजे. ते तिने कंपनीला लिहिले नाही, पर्यवेक्षकांना सांगितले नाही. नक्कल पुन्हा पुन्हा चालवताना तिच्या लक्षात आले, की सॉफ्टवेअरची चूक एका ओळीत आहे आणि दुसरी एक ओळ सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. त्या दिवशी बाबनरावांची रिकामी गाडी काट्यावर होती आणि पावती छापून बाहेर येत होती, तिच्यावर गिरणीचे नाव गोंदियाचे होते. काळ्या शाईत, ठळक. एक नजर टाकली असती तर तिथल्या तिथे दुरुस्त झाले असते. अर्जदाराने नजर टाकली नाही. तिने पावती न पाहता ट्रेमध्ये सरकवली, कारण खिडकीतून चहाचे विचारणे झाले होते आणि ती खाली वाकून उत्तर देत होती. त्या दिवशी ती एक शब्द जास्त बोलली होती. "झाला. तुमचा?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारले होते. ते म्हणाले, "आमचा कोन विचारते?" आणि हसले. त्यांचे हसणे अर्जदाराने पूर्ण पाहिले. तेवढ्यात पावती गेली.

९. वयाबाबत. आपल्या नियमानुसार मर्यादा ४५ आहे आणि अर्जदार ४७ ची आहे, हे नाकारता येत नाही. तथापि तिच्या कामात, भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केल्याशिवाय मालाचे वजन धरत नाहीत. तोच न्याय वयास लावावा अशी विनंती आहे. एकोणीस वर्षे, रोजचे आठ तास, सुट्ट्या सोडून, ज्या केबिनमध्ये कोणी बोलले नाही, ते तास जोडले तर पाच वर्षे सहज भरतात. ती रिकामी धरून वजा करावीत. बाबनराव खिडकीशी उभे असत ती मिनिटे अर्जदाराने प्रामाणिकपणे वेगळी काढली आहेत. ती भरलेली आहेत, ती वजा करू नयेत. तरीही अर्जदार ४२ च्या आसपास येते आणि नियमात बसते.

असा नियम नसल्यास करावा. तेही शक्य नसल्यास अर्जदार वर्गात सर्वांत मागे बसेल. खुर्च्या कमी पडत असतील तर घरून स्टूल आणील. लॅपटॉप स्वतःचा आहे; त्याची एक कळ निखळली असून तिच्या जागी रबराचा तुकडा चिकटवला आहे, तो जरा जोरात दाबावा लागतो, त्याचा आवाज होतो, इतरांना त्रास झाल्यास ती दाराबाहेर बसून ऐकेल. हजेरी पटावर नाव घेता येत नसेल तर न घेता शिकवावे. फक्त प्रमाणपत्रावर घ्यावे.

१०. प्रमाणपत्र मिळाल्यावर गिरणीमालक तो कागद मानतीलच, असे अर्जदार समजत नाही. बाबनराव पुन्हा गाडीवर बसतील, असेही नाही. त्यांनी परत यावे यासाठी हा अर्ज नाही. आले तरी काय बोलणार, हा प्रश्नच आहे. पण एका माणसाच्या नावापुढे चोर लिहिले गेले आहे. ते कुठल्या ओळीने लिहिले, ते अर्जदाराला माहीत आहे. त्यातली एक ओळ तिची आहे आणि एक नाही. दोन्ही ओळी ज्याला वाचता येतात असे सध्या तरी दुसरे कोणी नाही. व्यवसाय बदलण्याचे वैयक्तिक कारण हे.

दरम्यान, तिने मार्चपासून एक गोष्ट आपल्या अधिकारात बदलली आहे. ती प्रत्येक गाडीचा पूर्ण नंबर टाकते. वेळ लागतो, गाड्यांची रांग होते, चालक हॉर्न मारतात. मारू देते.

११. सबब, अर्ज मंजूर व्हावा. नामंजूर करणे भाग असल्यास हरकत नाही, परंतु या वेळी "अस्पष्ट" असा सगळ्या अर्जावर एक शेरा न मारता कोणत्या परिच्छेदात, कोणत्या ओळीत चूक आहे, तेवढे लिहून कळवावे. त्याचसाठी परिच्छेदांना क्रमांक घातले आहेत. अर्जदार ती ओळ दुरुस्त करून अर्ज पुन्हा सादर करील. तिला आता ते येते.

उत्तराची वाट पाहण्याची सवय असलेली, आपली नम्र,

(सही)
जयवंता देवराव गजभिये
धर्मकाटा ऑपरेटर

सोबत जोडले :
१) दि. २२ ऑगस्टच्या दोन्ही पावत्यांच्या प्रती.
२) ब्याण्णव ओळींचा प्रोग्राम, छापील, व त्याचा वहीतला मूळ मसुदा, खाडाखोडीसह.
३) जन्मतारखेचा दाखला.
४) आज सकाळची वजनपावती. वाहन : अर्जदार. माल : निरंक. वजन : ५० किलो.

प्रत माहितीसाठी : श्री. बाबनराव भुते, तालुका कुही. ट्रक क्र. एमएच ४० एक्स ४४१७ चे चालक. परिच्छेद ८ कृपया वाचावा. चहा झालेला नसे.